अंगणात अडकलेली कॅरव्हॅन

"घराला आधी आभाळ दे रे पंतेलिस, छप्पर मग दे!"

ग्रीसमधल्या कालिम्नोस बेटावर मागे राहिलेल्या आईचा हा आवाज पंतेलिसच्या कानातून आयुष्यभर गेला नाही. म्हणून संत्र्याचा मळा विकून ऑस्ट्रेलियातल्या रेनमार्कला नदीकाठी घर बांधायला काढलं, तेव्हा त्यानं आधी अंगण आखलं. मधोमध लिंबू, लिंबाच्या अंगाला जाई, जाईच्या सावलीत तुळशीच्या कुंड्या. आणि भोवताली खोल्या, दार उघडलं की फूलच दिसावं अशा.

रेनमार्कच्या ग्रीकांत घराला गवंडी लावणं म्हणजे नातेवाइकांच्या तोंडावर थुंकणं. तेव्हा चार बाजू चौघांनी वाटून घेतल्या. मेहुणा स्तेलिओस, चुलतभाऊ मिनास, लग्नात रिवाजाप्रमाणे नवरा-नवरीच्या डोक्यावरचे मुकुट बदलणारा दोस्त लेफ्तेरिस आणि रस्त्याकडची बाजू खुद्द पंतेलिस. दर रविवारी कोकरू भाजायचं, पोटभर भांडायचं, उरलेल्या वेळात विटा रचायच्या. घर होईतो नवरा-बायको अंगणातल्या कॅरव्हॅनमध्ये राहत होती. आणि घर झालं की त्याच कॅरव्हॅनमधून अख्खा ऑस्ट्रेलिया फिरायचा; देश दाखवायचा शब्द पंतेलिसनं बायकोला, एव्दोकियाला, लग्नातच दिला होता.

निघायच्या आदल्या दिवशी निरोपाचं जेवण होतं. कॅरव्हॅन जोडायला म्हणून पंतेलिसनं मोटार काढली आणि घराला बाहेरून एक फेरी मारली. मग दुसरी मारली. मग मोटार थांबवून तो नुसताच भिंतीकडे बघत बसला.

"स्तेलिओस, कॅरव्हॅन बाहेर काढायची वाट कुठाय रे?"

"मिनासकडे ना!"

"माझ्याकडे? छे! लेफ्तेरिसच्या बाजूला."

"ती तर स्तेलिओसकडे ठरलेली!" लेफ्तेरिस म्हणाला. "आणि तू रे? घर तुझं, गाडी तुझी. थोडी अक्कलही तुझीच असू दे की!"

"हळू बोल! एव्दोकियाला कळलं तर काळीज फुटेल तिचं."

एव्दोकिया स्वयंपाकघरात गाणं गुणगुणत द्राक्षाच्या पानांत भात भरत होती.

लेफ्तेरिसनं जेवणघराच्या दोन्हीकडच्या काचा काढून कॅरव्हॅन आरपार न्यायची युक्ती काढली. हात पसरून त्यानं मापही घेतलं. "आरामात जाते! लोण्यातून सुरी!"

पाहुण्यांनी बाह्या सरसावल्या. कॅरव्हॅन डुलत डुलत, वरातीतल्या नवरीसारखी जेवणघरात शिरली आणि तुळईखाली कच्चकन रुतली. पुढे जाईना, मागे येईना. घराचे दोन देश झाले. पाहुणे अलीकडे, स्वयंपाकघर आणि संडास पलीकडे, आणि तिकडची वाट जेवणघरातूनच.

पाहुण्यांतल्या धर्मगुरूंना तर घाई होती. ते कॅरव्हॅनच्या दारातून आत चढले आणि पलीकडच्या खिडकीत झग्यासकट अडकले.

"ढकला रे!"

"आधी पासपोर्ट दाखवा, बाबा!"

धर्मगुरू धप्पकन पलीकडे पडले. मग त्याच खिडकीतून कोकराची परात अलीकडे आली, मागोमाग भाताच्या गुंडाळ्या. परात देणारे हात एव्दोकियाचे होते. मघाचं गाणं थांबलं होतं.

ते थांबलेलं गाणं पंतेलिसच्या जिव्हारी लागलं. बाईनं आयुष्यभर वाट पाहिली, आणि मी तिला घरातच कोंडली! तो तिरीमिरीत उठला, मोठा घण उचलला आणि अंगणाच्या भिंतीपुढे उभा राहिला.

"पाडतो! घर गेलं तरी चालेल, पण तुला दिलेला शब्द मोडणार नाही!"

"ठेव तो घण खाली!"

एव्दोकिया कॅरव्हॅनच्या खिडकीतून कमरेपर्यंत बाहेर आली होती. हाताला भात, डोळ्यांत पाणी.

"अगं, पण उद्या..."

"मिनासला मी सांगितलं, वाट लेफ्तेरिसकडे आहे. लेफ्तेरिसला सांगितलं, स्तेलिओसकडे. कॉफीच्या कपाबरोबर एकेकाला एकेक थाप मारली. शेवटच्या फटीला विटासुद्धा मीच दिल्या."

सगळ्यांचे घास हातातच राहिले.

"का गं?" पंतेलिसचा आवाज पार बारीक झाला.

"द्राक्षतोडणीला तंबूत राहिले, तंबाखूच्या मळ्यात पत्र्याखाली. पोरं मोटारीच्या मागच्या सीटवर वाढवली. तू इतक्या हौसेनं नकाशे पसरायचास, म्हणून नाही म्हणवलं नाही. पण मला कुठ्ठे जायचं नाहीये रे. मला घरी राहायचंय."