दवाखान्यातली कोळीण

आपल्या दवाखान्यात औषधालाही डास सापडत नाही, याचा दाताच्या डॉक्टरांना केवढा अभिमान! कुणी फवारणीचं नाव काढलं की ते छताच्या कोपऱ्याकडे बोट दाखवत. तिथे काडीसारख्या लांब पायांची एक कोळीण जाळं विणून राहत होती.

"बिनपगारी माणूस आहे आपलं," डॉक्टर म्हणत. "रजा नाही, कटकट नाही."

"निदान आज तरी तिला हलवा," काउंटर सांभाळणारी बायको म्हणाली. "समोरच्या शाळेच्या मुख्याध्यापिका दाढ भरायला येतायत. काम पसंत पडलं तर नऊशे मुलांचे दात तपासायला तुम्हालाच बोलावतील. नाहीतर बसायचंच आहे माश्या मारत."

"माश्या तरी कुठे ठेवल्यात तिनं मारायला? आणि अगं, अंडी तोंडात धरून बसलीय बिचारी. अशा बाईला घराबाहेर काढू?"

बायकोने कपाळावर हात मारला.

मुख्याध्यापिका शिस्तीच्या. खुर्चीवर आडव्या झाल्या तरी पर्स पोटावर अगदी सरळ. डॉक्टरांनी इंजेक्शन दिलं, गालात कापसाचे बोळे कोंबले आणि वरचा दिवा तोंडाजवळ ओढला. दोन दिवसांच्या सुट्टीत कोळिणीने जाळ्याचं एक टोक त्या दिव्यालाच चिकटवलंय, हे त्यांच्या गावीही नव्हतं. दिव्याबरोबर जाळं आलं, जाळ्याबरोबर कोळीण आली आणि बाईंच्या नाकापासून वीतभर अंतरावर लोंबू लागली.

"आं! आं!"

"दुखतंय? हरकत नाही." डॉक्टरांनी आणखी एक इंजेक्शन दिलं.

बाईंनी वर बोट दाखवलं.

"उजेड कमी पडतोय म्हणता? खरंय." डॉक्टरांनी दिवा आणखी खाली घेतला. कोळीण चार बोटांवर आली.

बाईंनी पर्स उगारली. त्यासरशी कोळीण जाळ्यासकट अशी गदागदा हलू लागली, की डॉक्टरांचं एकदाचं लक्ष गेलं.

"थांबा, हलू नका!"

बाईंना हायसं वाटलं.

"घाबरलीय ती," डॉक्टर म्हणाले. "घाबरली की ही जात अशीच हलते. शत्रूला मग ती धड दिसत नाही."

आणि त्यांच्या अंगात मास्तर संचारला. पाय आठ, म्हणून हा कीटक नव्हेच. कोळी नसते तर किड्यांनी शेतं फस्त केली असती आणि आपण बसलो असतो उपाशी. "आणि हिचं बघा. पिल्लं बाहेर येईपर्यंत धड जेवण नाही. तोंड गच्च भरलेलं. काय हाल होत असतील, कल्पना करा!"

बाईंना कल्पना करायची काही गरज नव्हती. त्यांच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहू लागलं. मायेने गहिवरल्या, असं डॉक्टरांना वाटलं आणि ते आणखी खुलले.

शेवटी पंधरा मिनिटांनी बायको आत आली, तिने कोळिणीला पुठ्ठ्यावर घेऊन कोपऱ्यात सोडलं आणि दाढ एकदाची भरली गेली. दोन इंजेक्शनांनी बाईंची जीभ जड झाली होती. त्या एक शब्दही न बोलता निघून गेल्या.

"बघितलंस? एक तक्रार नाही," डॉक्टर बायकोला म्हणाले.

चार दिवसांनी शाळेचं पत्र आलं. डॉक्टरांनी ते मोठ्या आवाजात वाचायला घेतलं. "तपासणीच्या दिवशी आपण शाळेत अवश्य यावं, अशी विनंती."

"खरंच?" बायको आनंदाने काउंटरमागून उठली.

"सहावीच्या मुलांना कोळ्यांवर व्याख्यान द्यावं. इतकं जीव तोडून सांगणारं आमच्याकडे कुणी नाही." डॉक्टरांचा आवाज हळूहळू खाली आला. "दात तपासायला दुसरे डॉक्टर येतील. मुलांची तोंडं उघडी असताना मात्र आपण कृपया बोलू नये."