येडबा जन्माला येतो

"तुमचा जन्म व्हायला अजून पाचशे बत्तीस वर्षं आहेत," असं कारकून बन्सीधर यांनी अगदी अदबीनं सांगितलं, तेव्हा येडबा खिडकीचा गज धरून उभा होता आणि त्याच्या मागं रांगेत एकोणीस पेन्शनर होते.

"काय म्हणलाव साहेब?"

"जन्म सन चोवीसशे चौऱ्याऐंशी. हे बघा, नोंदवहीत स्पष्ट आहे. सध्या चाललंय एकोणीसशे बावन्न."

येडबानं वहीकडं बघितलं. त्याला वाचता येत नव्हतं, पण बोट ठेवलेली जागा तो बराच वेळ न्याहाळत राहिला. मग त्यानं स्वतःच्या छातीवर हात ठेवून पाहिला. धडधड होत होती.

निजामाचं राज्य जाऊन साडेतीन वर्षं झाली होती आणि लोकांनी मतं टाकून निवडलेलं पहिलं सरकार त्याच चैत्रात गादीवर बसलं होतं. सरकारनं आल्या आल्या हुकूम काढला, की म्हाताऱ्या पेन्शनरांनी आता खजिन्याचे हेलपाटे घालायचे नाहीत, पेन्शन मनिऑर्डरनं घरपोच येईल. फक्त एकदा जिल्ह्याला येऊन नव्या वहीत नाव चढवून घ्यायचं. येडबाच्या गावी, झरीच्या पारावर, या हुकमाची मोठी चर्चा झाली. आश्रुबा पाटलांना तो मुळीच पटला नाही. "घरी आणून देणाऱ्या सरकारचा भरवसा धरू नका," ते म्हणाले, "ह्यात कायतरी गोम हाय." येडबानं तेहतीस वर्षं तहसिलीत चपराशाची नोकरी केली होती. सरकारवर कुणी बोललेलं त्याला खपत नसे, मग ते सरकार कुठलंही असो. तो म्हणाला, "मी जाऊन नाव चढवून येतो, मंग बोला." आणि धुतलेला पटका बांधून तो परभणीला आला होता.

घोटाळा तसा साधा होता. जुन्या दप्तरात सगळी सालं निजामाच्या वेळच्या फसली सनात होती. फसलीत पाचशे नव्वद मिळवले की इंग्रजी सन निघतो. येडबाचा जन्म फसली तेराशे चारचा. एका जुन्या मुन्शीनं बेरीज करून त्याचं अठराशे चौऱ्याण्णव करून ठेवलं होतं, पण रकान्याच्या डोक्यावरचा 'फसली' हा शब्द खोडायचा राहिला. बन्सीधर नवे होते, तरतरीत होते आणि हुकमाबरहुकूम चालणारे होते. त्यांनी तो शब्द वाचला आणि पुन्हा पाचशे नव्वद मिळवले.

"आवो, पण मी हितं उभा हाय न्हवं?" येडबा म्हणाला.

"तुम्ही उभे आहात याबद्दल माझी तक्रार नाही, मामा. वहीत तुम्ही नाहीत."

"अन् तेहतीस वरसं नोकरी कुणी केली मंग?"

"तेच मीही विचारणार होतो," बन्सीधर काळजीनं म्हणाले. "जन्माच्या आधी नोकरी लागलेली दिसते. ती कुणाच्या शिफारशीनं लागली, याची चौकशी होऊ शकते."

येडबानं आपल्याकडचा सगळ्यात भक्कम पुरावा काढला. "साहेब, दोन-तीन महिन्यामागं मी मत टाकलंय. बोटाला शाई लावली होती. सरकारच्या यादीत नाव हाय माझं."

बन्सीधरांनी इकडंतिकडं पाहिलं आणि आवाज खाली आणला. "हे पुन्हा कुठं बोलू नका. मताला एकवीस वर्षं पुरी लागतात. तुम्ही तर अजून... हा गुन्हा आहे, मामा."

दुपारच्या मोटारीनं येडबा झरीला परतला. पारावर हकिगत सांगताच आश्रुबा पाटलांनी मांडीवर थाप मारली. "बगा! निजाम दुसऱ्या दिवसाचं बगत नव्हता. हे सरकार लय दूरचं बगतंय, पाचशे वरसं पुढचं!" संध्याकाळपर्यंत गावातली पोरंटोरं येडबाला 'बाळ' म्हणू लागली. कुणीतरी त्याच्या दारात पाळण्याची दोरी आणून टाकली.

येडबाची बायको भिवराबाई हिला मात्र यात हसण्यासारखं काही दिसलं नाही. तिनं दोरी उचलून खुंटीला लावली, कामाची होती म्हणून. मग ती म्हणाली, "उद्या परत जायचं. मी येते संगं."

"तू येऊन काय करशील?"

"ते म्हणतेत जन्मलाव न्हाई. मी म्हणीन, मंग माझं लगीन कुणासंगं लागलं? ह्याचा जवाब घेतल्याबिगर मी उठायची न्हाई."

दुसऱ्या दिवशी ती खरोखरच खिडकीसमोर मांडी घालून बसली. रांग तिला वळसा घालून पुढं सरकू लागली. तिनं आवाज चढवला नाही की रडली नाही. दर थोड्या वेळानं ती एवढंच विचारी, "जन्मले का आमचे मालक?" बन्सीधर म्हणत, "नाही अजून." असं अकरा वेळा झालं. बाराव्या वेळी बन्सीधरांच्या हातून दौत सांडली आणि ते आतल्या खोलीत अव्वल कारकून दिनकररावांकडं गेले.

दिनकरराव वयानं पोक्त, डोळ्यांनी दमलेले. त्यांनी वही पाहिली, बेरीज पाहिली आणि कपाळाला हात लावला. "चूक कळली," ते म्हणाले. "पण कळून भागत नाही. दुरुस्तीला आधार लागतो. मूळ उर्दू दप्तर हैदराबादला गेलंय, ते यायला वर्ष लागेल की दोन, सांगता येत नाही. तोवर पेन्शन बंद."

"दुसरी काई तोड न्हाई का, साहेब?" येडबानं विचारलं.

"आहे. जन्माच्या वेळी हजर असलेलं माणूस आणा. त्याचा जबाब घेतो आणि आजच्या आज दुरुस्त करतो."

येडबा खचला. त्याच्या जन्माला हजर असलेली माणसं कधीच देवाघरी गेली होती. एक सोडून. त्याची आत्या बानूबाई. ती सोनपेठकडं लेकीच्या घरी असे, आणि गेली चार वर्षं तिनं बाज सोडली नव्हती.

"बाजंसकट आणू," भिवराबाई म्हणाली.

आणि तसंच आणलं. सोनपेठहून बैलगाडीत बाज ठेवून, बाजेवर बानूबाई आणि वर घोंगड्याची सावली, अशी वरात दोन दिवसांनी परभणीच्या कचेरीत शिरली. चार माणसांनी बाज आत नेली. ती दारात आडवी अडकली, तेव्हा बानूबाईनं वरूनच हुकूम सोडला, "तिरकी करा, मुडद्यांनो!" बाज तिरकी झाली आणि दिनकररावांच्या टेबलापाशी टेकली.

बन्सीधरांनी लेखणी सरसावली. "आजी, तुमचं वय?"

"मला काय ठावं?"

"साक्षीदाराचं वय लागतं."

"मी नाळ कापली ह्याची. नाळ कापाया हात लागतेत, वय लागत न्हाई. लिव्ह पुढं."

बन्सीधरांनी पुढं लिहिलं.

"यांचा जन्म कधी झाला, आठवतं का?" दिनकररावांनी विचारलं.

"न आठवाया काय झालं? आमचा मेंढरांचा तळ परभणीच्या माळावर पडला होता. लोक म्हणायले, आज पहिली आगगाडी येणार. आमाला वाटलं, येईल अन् जाईल. तर ती मेली धूर वकत आली अन् शिट्टी अशी फुंकली की समदी मेंढरं उधळली! वैनी मेंढरांमागं पळाली, अन् तितंच तिला कळ आली. गाडी टेसनात थांबायच्या आत हे बेणं भुईवर. इंजनापेक्षा मोठ्यानं रडलं."

येडबा लाजून खाली बघू लागला. भिवराबाईनं त्याच्याकडं एकदा वळून पाहिलं आणि ती एकदम विचारात पडली.

दिनकररावांनी रेल्वेच्या बाबूकडं चिठ्ठी पाठवली. तासाभरात उत्तर आलं. दिनकररावांनी ते वाचलं, चष्मा काढून पुसला आणि पुन्हा वाचलं.

"गाडी आली एकोणीसशे साली," ते हळूच म्हणाले.

"म्हंजे मी जन्मलो?" येडबानं आशेनं विचारलं.

"जन्मलात. जबाब झाला, अंगठा झाला, आता सरकारही नाही म्हणू शकत नाही. पण येडबा, एकोणीसशे म्हणजे आज तुम्ही बावन्न वर्षांचे. पेन्शन पंचावन्नाला. भरतीच्या वेळी सहा वर्षं जास्त कशी लागली?"

"मी काई बोललो न्हाई, साहेब. मुन्शीनं माझ्या मिशीकडं बगितलं अन् बावीस लिवलं. सोळावं सरलं होतं नुकतंच."

दिनकररावांनी मुद्दाम बन्सीधरांकडं पाहिलं नाही, पण बन्सीधर आधीच नियमाचं पुस्तक उघडून बसले होते. "तीन वर्षांची नोकरी शिल्लक आहे," ते आनंदानं म्हणाले. एक तरी बेरीज बिनचूक निघाली होती. "सोमवारपासून हजर व्हायचं. पट्टा आणि पितळी बिल्ला इथून मिळेल."

घरपोच पेन्शन आणायला निघालेला माणूस नोकरी घेऊन चालला होता. मग त्यानं पाठ ताठ केली. बघता बघता त्याच्या चेहऱ्यावरची सहा वर्षं खरोखरच उतरली. "हजर व्हतो, साहेब," तो म्हणाला. "जन्मलोय म्हणल्यावर काम तर करावंच लागंल."

बाजेवरून बानूबाई म्हणाली, "चांगलं झालं. घरी बसून गंजला होता."

बानूबाईची गाडी सोनपेठच्या वाटेला लावून देताना भिवराबाई बाजेपाशी वाकली. सकाळपासून तिच्या डोक्यात एकच गोष्ट घोळत होती.

"आत्याबाई, ती पहिली आगगाडी मी बी बगितलीया. बापाच्या खांद्यावर बसून. बापानं चुरमुरे घेऊन दिलते, ते बी याद हाय. तीन वरसांची तरी असंन मी."

बानूबाईनं डोळे मिटून घेतले.

"आत्याबाई, झोपू नका. लग्नात तुमी माझ्या बापाला सांगितलं, नवरा चार वरसांनी थोर हाय."

"दांडगा दिसत होता गं," बानूबाई डोळे न उघडता म्हणाली. "हाका रे गाडी!"

मोटारीत भिवराबाई मनाशी हिशेब करत बसली. चाळीस वर्षं ती नवऱ्याच्या मागं चार पावलं चालली होती, तो जेवल्यावर जेवली होती आणि त्याचं नाव तिनं कधी तोंडातून काढलं नव्हतं. थोरला माणूस म्हणून.

झरीच्या फाट्यावर दोघं उतरले. उन्हं कलली होती. पारावरची माणसं बघत होती. आश्रुबा पाटील तर काय झालं ते विचारायला उठून उभे राहिले होते. भिवराबाईनं डोक्यावरचं गाठोडं काढून येडबाच्या हातात दिलं, पदर नीट केला आणि ती पुढं चालू लागली. दहा पावलांवर थांबून तिनं मागं पाहिलं. येडबा गाठोडं छातीशी धरून जागीच उभा होता.

"येडबा," अख्ख्या पाराला ऐकू जाईल अशा आवाजात ती म्हणाली, "पाय उचल."

"आलो," येडबा म्हणाला आणि झपाझप तिच्या मागं निघाला.