साबणाची शेवटची वडी

साबणाच्या बाबतीत आपला हात कुणी धरणार नाही, असं टेलरमास्तरांनी एकदा छातीठोकपणे सांगितलं होतं. हल्ली हात सोडा, चारचौघांत ते बोटसुद्धा वर करत नाहीत!

त्यांच्या सासूबाई घरच्या घरी ऑलिव्हच्या तेलाचा साबण करायच्या, अगदी जुन्या पद्धतीने. तेल, पाणी, खार आणि वर्षभराचा धीर. साच्यात ओतलेला साबण धरला की नाही हे पाहायला त्या प्रत्येक वडीत मधलं बोट हलकेच दाबायच्या. तो ठसा तसाच राहायचा. मग वड्या वर्षभर फळीवर मुरायच्या. जितकी जुनी, तितकी टणक आणि गुणी. सासूबाई होत्या तोवर मास्तरांनी या साबणाची यथेच्छ टिंगल केली. "फेस नाही, वास नाही! हा साबण म्हणायचा की दगड?" सासूबाई रागवायच्या नाहीत. "कळेल हो, कळेल," एवढंच म्हणायच्या.

त्यांना जाऊन तीन वर्षं झाली. वड्या संपत संपत एकच उरली. बायकोने ती पांढऱ्या फडक्यात गुंडाळून कपाटातल्या पत्र्याच्या डब्यात जपून ठेवली होती. आईच्या बोटाची तेवढीच काय ती खूण.

"अहो, मी दोन दिवस ताईकडे जातेय," निघताना ती म्हणाली. "घरात हवा तो गोंधळ घाला, पण त्या डब्याला हात लावू नका. आणि जेवताना ते अंगुस्तान काढत जा!"

अंगुस्तान म्हणजे सुई टोचू नये म्हणून शिंपी मधल्या बोटात घालतात ती पितळी टोपी. अंगभर बारीक बारीक खळ्या असतात तिला. मास्तरांच्या बोटात ती तीस वर्षं होती. आहे हे आता त्यांच्या ध्यानातही नसायचं.

दुसऱ्या दिवशी सकाळी बँडमधला ट्रम्पेटवाला काळा कोट घेऊन दुकानात हजर झाला. "मास्तर, पोट वाढलंय. दोन बोटं सैल करा. संध्याकाळी कार्यक्रम आहे!"

मास्तरांनी खडू शोधला. खडू संपलेला. काळ्या कापडावर खूण करायला साबणाच्या चपट्या तुकड्यासारखी दुसरी चीज नाही, हे कुठलाही जुना शिंपी सांगेल. रेघ स्पष्ट उठते आणि पाण्याने निघूनही जाते. पण साबण हवा टणक, मुरलेला. मास्तरांची नजर आतल्या खोलीतल्या कपाटाकडे गेली.

'एकच कोपरा,' त्यांनी मनाशी म्हटलं. 'ठशाच्या उलट्या बाजूचा. वडीला कळणार नाही, मग बायकोला काय कळतंय!'

कोपरा निघाला. रेघ अशी उठली की ट्रम्पेटवाला बघतच राहिला. "काय आहे हो हे?"

झालं! मास्तरांना नेमका हाच प्रश्न हवा होता. "ऑलिव्हचा साबण! आमच्या घरचा! याचं नुसतं कौतुक करायचं म्हटलं तरी दिवस पुरणार नाही." आणि बोलता बोलता त्यांनी ट्रम्पेटच्या पिशवीची अडकलेली चेन साबणाने घासून सर्रकन उघडून दाखवली.

टाळी पडली. ती ऐकून समोरचा न्हावी आला. "दाढीला चालेल का?"

"चालेल? अहो, लहान बाळाच्या अंगाला चालतो! जळजळ नाही, आग नाही. हे घ्या, कापून देतो."

मग सुतारभाऊ आले. "आमच्या काय कामाचा?"

"स्क्रूला लावा, लोण्यासारखा लाकडात शिरतो की नाही बघा!" आणखी एक तुकडा गेला. मास्तरांना नाही म्हणता येईना. तीस वर्षांत त्यांच्या शिवणाला जेवढी दाद मिळाली नव्हती, तेवढी सासूबाईंच्या साबणाने तासाभरात मिळवून दिली. सासूबाईंचं नाव मात्र त्यांनी एकदाही घेतलं नाही.

उरला फक्त ठशाचा तुकडा. तो कुणालाही द्यायचा नाही, एवढं भान मास्तरांना होतं. पण फेस दाखवायचं राहिलं होतं ना! दुकानाबाहेरच्या नळाखाली तुकडा हातात घोळवत त्यांनी व्याख्यान सुरू केलं. "लोक म्हणतात फेस येत नाही. येतो! पण सावकाश येतो, साईसारखा. माणसाला धीर हवा, धीर!"

फेस आला. बघ्यांनी माना डोलावल्या. मास्तरांनी मूठ उघडली. तुकडा गुळगुळीत झाला होता. ठसा कुठेच नव्हता!

तेवढ्यात फोन वाजला.

"अहो, आम्ही आजच निघालोय. पाचच्या बसने पोचतो. ताईपण येतेय बरं का. तिच्याकडे आईची एकसुद्धा वस्तू राहिली नाही हो. म्हणाली, मला फक्त ते बोट बघायचंय."

 इतकी वर्षं दुसऱ्यांची मापं घेणाऱ्या माणसाला आपलं माप त्या क्षणी पुरतं कळलं. ज्या साबणाला दगड म्हणून हसलो त्याच्यावर मिरवलो, आणि दोन बहिणींचं उरलंसुरलं नळाखाली वाहवून बसलो! त्यांना स्वतःची एवढी लाज वाटली की दुकानाच्या आरशासमोरून जातानाही त्यांनी मान फिरवली.

मग वसुली सुरू झाली. न्हाव्याने एका पेन्शनर आजोबांची मिशी अर्धी उतरवली होती. मास्तरांनी ब्रशखालून तुकडा ओढून घेतला. आजोबा अर्ध्या मिशीने ओरडत राहिले. सुतारभाऊंचा तुकडा भुशात लोळत होता. "दिलेलं परत घेता होय?" सुतारभाऊ म्हणाले. मास्तरांनी तुकडा झटकून खिशात टाकला.

घरी येऊन त्यांनी सगळे तुकडे किसले, गरम पाण्याचा हात लावला आणि बटणांच्या चौकोनी डबीत दाबून बसवले. वडी झाली खरी, पण अंगाने मऊ. आता ठसा! दारात पावलं वाजली. मास्तरांनी घाईघाईने मधलं बोट वडीत दाबलं, न बघताच वडी फडक्यात गुंडाळली आणि डब्यात टाकली.

ताईने पाणीसुद्धा घेतलं नाही. "आधी आई दाखव गं."

बायकोने डबा आणला, फडकं उघडलं. ताई वाकली आणि बघतच राहिली.

"केवढे खड्डे पडलेत गं आईच्या बोटाला! आपण लहान असताना कधी लक्षच गेलं नाही. काम करून करून चाळणी झाली होती बोटाची!" ताईच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहू लागलं.

मास्तरांनी आपल्या बोटाकडे पाहिलं. पितळी अंगुस्तान जागच्या जागी होतं, खळ्याखळ्यांत साबण भरलेलं. त्यांनी हात पाठीमागे घेतला. पण बायकोची नजर हातामागोमाग पाठीपर्यंत जाऊन आली होती.

"आणि हे बघ!" ताईने वडीतून नखाने काहीतरी उचललं. "केस! पांढरा! आईचाच!" तिने तो केस रुमालात ठेवून रुमाल छातीशी धरला.

पेन्शनर आजोबांची मिशी! धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं मास्तरांना झालं. "ताई, खरं म्हणजे..." त्यांनी कसाबसा तोंडातून शब्द काढला.

"तुम्ही गप्प बसा," बायको शांतपणे म्हणाली. "ताई, ही वडी तू घेऊन जा."

"अगं, पण तुझ्याकडे एवढीच आहे ना?"

"असू दे. मी बघितलीय खूप वेळा."

रात्रीची जेवणं झाल्यावर ताई वडी उशाशी घेऊन झोपली. स्वयंपाकघरात बायकोने नवऱ्याचा हात धरला, बोटातलं अंगुस्तान ओढून काढलं आणि ओट्यावर ठेवलं.

"माझ्या आईला साधं बटणसुद्धा शिवता येत नव्हतं," ती म्हणाली.  तिने आवाज चढवला असता तर मास्तरांना सोसलं असतं. ती पाठ फिरवून भांडी घासायला लागली, आणि मास्तर तिच्या मागे जाऊन उभे राहिले.

"चुकलो," शेवटी ते म्हणाले. "त्या असत्या तर त्यांच्याही पाया पडलो असतो."

"ताईला मात्र यातलं काही कळता कामा नये. आता ती आईचीच वडी."

या गोष्टीला वर्ष झालं. वडी मुरून चांगली टणक झालीय, असं ताई फोनवर सांगते. रोज त्या ठशात बोट टेकवल्याशिवाय ती घराबाहेर पडत नाही. अधूनमधून ती राहायलाही येते आणि म्हणते, "मास्तर सुधारले हो, दुकानातून आले की अंगुस्तान काढून ठेवतात! पण मी आले की दोन्ही हात खिशात घालून का बसतात, ते काही कळत नाही."