हिरवा स्क्रू आणि लुएलाबाईंचं सीलिंग

माझ्या वायरिंगमध्ये चूक शोधायची असेल, तर खुशाल शोधा, आयुष्य कमी पडेल! एकतीस वर्षं विस्कॉन्सिनात तारा ओढतोय. बाकीचे इलेक्ट्रिशियन यथातथाच. आणि प्लंबरांचं तर नावच काढू नका. माणसाला काहीच जमलं नाही, की तो पाइप जोडायला लागतो!

लुएलाबाईंच्या बोलिंग क्लबचं वायरिंग माझ्याकडे आलं. आग लागल्यापासून क्लब चार महिने बंद होता. शनिवारी संध्याकाळी बारा संघ खेळायला येणार होते. शुक्रवारच्या तपासणीत क्लब नापास झाला, तर हे संघ अख्खा हिवाळा शेजारच्या गावात खेळणार आणि बाईंना कायमचं कुलूप लावावं लागणार.

"वेन्डेल, होईल ना रे वेळेत?" बाई रोज विचारायच्या.

"बाई, निवांत झोपा!"

मागच्या खोलीत मी ट्रान्सफॉर्मर बसवला. चारशे ऐंशी व्होल्ट घ्यायचे, एकशे वीस द्यायचे. तिथे न्यूट्रल आणि अर्थिंग एकमेकांना जोडायचे, पण एकाच जागी! दोन जागी जोडले, की न्यूट्रलचा करंट पाइपांतून, पत्र्यांतून गावभर हुंदडतो. मी ते ट्रान्सफॉर्मरमध्ये जोडले आणि ऑगी प्लंबरला हे सगळं दोनदा समजावून सांगितलं. त्याने विचारलं नव्हतं.

गुरुवारी सकाळी ऑगीने बारखालचा पाइप सोडवला आणि फाटकन ठिणगी उडाली! ऑगी मागच्या मागे बादलीत बसला.

"वेन्डेल्या, पाइपात करंट आहे!"

"पाइपात पाणी असतं, ऑगी. एवढं तरी माहीत असेल ना?"

"मीटर लाव आधी!"

लावला. नऊ अँपिअर!

"तूच माझ्या तारेत खिळा ठोकलास कुठेतरी!" मी म्हणालो.

"अरे, मी खिळे ठोकतच नाही!"

"ठोकलास हे तुला कळणार तरी कसं?"

माझ्या तारा सगळ्या वरूनच गेल्या होत्या, म्हणून खिळा शोधायला मी बारवरचं नवंकोरं फॉल्स सीलिंग उतरवलं. नव्हता. मग खेळायच्या पट्ट्यांवरचं उतरवलं.

"अरे, परवाच बसवलंय रे ते!" बाई कळवळल्या.

"बाई, जीव प्यारा आहे की सीलिंग?"

शुक्रवारी दुपारपर्यंत वर एक तुकडा शिल्लक राहिला नाही. खिळाही मिळाला नाही.

तपासणीला टेक्ला मॅडम आल्या. आमच्याकडे वायरिंग आणि इमारत, दोन्ही त्याच बघतात. त्यांनी वर पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि सरळ ट्रान्सफॉर्मरशेजारचं पॅनेल उघडायला लावलं. आत हिरवा स्क्रू! न्यूट्रलच्या पट्टीला पॅनेलच्या पत्र्याशी जोडणारा! वीज बंद करून त्यांनी तो काढायला लावला, वीज पुन्हा चालू केली. पाइपावर मीटर शून्य!

"ही दुसरी जोडणी. हा स्क्रू कोणी लावला?"

"ऑगीनं!" मी म्हणालो.

"पॅनेलची किल्ली कोणाकडे असते?" ऑगीने विचारलं.

माझ्या गळ्यात होती. घरांच्या मुख्य पॅनेलमध्ये तो स्क्रू लावावाच लागतो हो! एकतीस वर्षांच्या सवयीने हात पिशवीतून स्क्रू काढतो आणि पिळून मोकळा होतो, मला विचारत नाही. मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"वायरिंग पास," मॅडम म्हणाल्या.

"बघा बाई!" मी ओरडलो.

"पण सीलिंगशिवाय सही नाही. उद्या चार वाजता येते."

लुएलाबाई मटकन खाली बसल्या आणि रडायला लागल्या. मी इकडेतिकडे बघत राहिलो.

ऑगीने फोन फिरवला. शनिवारी सकाळी चौदा प्लंबर शिड्या घेऊन हजर! मी खालून तुकडे उचलून देत होतो. पावणेचारला शेवटचा तुकडा बसला. सही झाली, बारा संघ आले, बाईंनी चौदा प्लंबरांना पोटभर तळलेले मासे खाऊ घातले. मलाही शेपटीकडचा तुकडा मिळाला.

पण प्लंबरांनी लावलेलं सीलिंग ते! कुठेतरी फट असणारच! दर शनिवारी बॉल सोडताना मी वर बघतो. अजून सापडलेली नाही. माझा प्रत्येक बॉल कडेच्या चरात जातो, तो त्यामुळे!