बिट्टीची चाचणी आणि माझं बोट

मी नुसतं शेजारी बसायचं ठरवलं होतं, एवढंच. (बसण्याचा मला वीस वर्षांचा अनुभव आहे. ऑफिसच्या पत्रव्यवहार विभागात मी मुख्यतः तेच करतो.)

आमची बिट्टी तिसरीत आहे. लिहायला चटपटीत, पण वाचायला लागली की ओळीओळीला अडखळते. वर्गात मुलं हसतात म्हणून महिनाभर घरी येऊन रडत होती. अशात शाळेनं एक ऑनलाइन चाचणी पाठवली, वाचनाची आणि लेखनाची. मार्क नाहीत, पास-नापास नाही. कोण कुठं अडतं ते बाईंना कळावं, इतकाच हेतू. वाचन जड जाणाऱ्या सहा मुलांना बाई शाळा सुटल्यावर वेगळं शिकवणार होत्या. बिट्टीला त्या सहांत जायचंच होतं.

बायको नर्स आहे. ड्यूटीवर निघताना तिनं बजावलं, "तिच्याजवळ बसा. तोंड उघडू नका."

"मी कशाला उघडतोय?"

आणि खरंच नाही उघडलं. पण बिट्टी चौथ्यांदा त्याच ओळीवर आली, तेव्हा मला राहवेना. मी स्क्रीनवर बरोबर उत्तरावर बोट ठेवलं.

"बाबा, आई म्हणाली होती..."

"मी बोललो का काही?"

त्या बोटानं वीसपैकी वीस उत्तरं बरोबर आणली. (बोट हुशार आहे. तिसरीचा अभ्यास त्याला छान येतो.)

मग लेखन. विषय होता 'माझी आवडती जागा'. बिट्टीनं झरझर लिहिलं, "मला जिन्याखालची जागा आवडते. तिथं मला कोणी वाच म्हणत नाही." मला ते फारच साधं वाटलं. ती पाणी प्यायला गेली तेवढ्यात मी जरा सुधारलं: "सदर विद्यार्थिनीस जिन्याखालील जागा पसंत असून, त्या ठिकाणी वाचनाबाबत कोणाकडूनही विचारणा होत नसल्याचे निदर्शनास आले आहे." आणि पाठवूनही दिलं.

तीन दिवसांनी निकाल आला. वाचन: उत्कृष्ट, मदतीची गरज नाही. लेखन: वाक्यांचा अर्थ लागत नाही, खास मदत हवी. शिवाय, सोमवारी सगळ्या वर्गासमोर धडा वाचून दाखवायला उत्कृष्ट वाचक म्हणून बिट्टीची निवड.

बिट्टी रडली नाही. नुसतं म्हणाली, "म्हणजे मी सहांत नाही?" आणि जिन्याखाली जाऊन बसली. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

बायको संध्याकाळी ड्यूटीवरून आली. सगळं ऐकून पर्स खांद्यावर तशीच ठेवून उभी राहिली.

"अहो, पेशंट तिकडं तापानं फणफणतोय आणि तुम्ही स्वतःचं रक्त तपासायला दिलंत. आता औषध कोणाला मिळणार?"

सगळी चूक माझीच होती. मी कागद घेतला आणि बाईंना माफीचं पत्र लिहिलं. चांगलं दीड पान. मग जिन्यापाशी जाऊन बिट्टीच्या हातात दिलं. ती अडखळत, बोट फिरवत, शेवटपर्यंत वाचत गेली. मला तेवढ्यातही भरून आलं.

"बाबा, चूक कोणी केली ते यात कुठंय?"

"हे काय. 'अनवधानाने घडलेल्या हस्तक्षेपामुळे'..."

"म्हणजे कोणी?"

तिनं पत्र उलटं केलं आणि मागच्या कोऱ्या बाजूवर लिहिलं, "बाई, उत्तरं बाबांनी दाखवली. निबंध पण बाबांनी बदलला. मला वाचता येत नाही. मला शिकायचंय. मला सहांत घ्या." मग पेन माझ्यापुढं धरलं. "सही करा."

सही करताना हात थरथरला आणि अक्षरं वेडीवाकडी उमटली. वीस वर्षांत हजारो पत्रांवर सह्या केल्या, पण स्वतःची चूक कबूल करणारं एकही पत्र त्यांत नव्हतं.

दुसऱ्याच दिवशी बाईंचं उत्तर आलं. बिट्टीनं ते मोठ्यानं वाचलं, अडखळत, पण हसत: "पत्र मिळालं. सोमवारपासून वाचनाला ये, तुझी जागा ठेवली आहे. वर्गासमोर आत्ता वाचायला नको. लेखनात तुला मदतीची काही गरज नाही."

खाली माझ्यासाठी वेगळी ओळ होती. ती वाचताना मात्र बिट्टी एकदाही अडखळली नाही:

"पालकांस विनंती, पत्राखालची सही तुम्ही मुलीकडून करवून घेतलेली दिसते. निदान ती तरी स्वतः करावी."