चिमणीची चोरी

डोळे देवानं सगळ्यांना दिले. नजर मात्र मला एकट्याला दिली. चष्म्याच्या दुकानात लोकांचे नंबर काढणं ही माझी नोकरी. खरा मी गुप्तहेर आहे, आणि इतका गुप्त की घरातल्यांनाही ते अजून पटलेलं नाही.

त्या दुपारी भाचीचा फोन आला.

"मामा, चिमणी गेली!"

मी क्षणभर मौन पाळलं. "काही आजार?"

"पक्षी नाही रे! माझं यान!"

भाची एका ऑनलाइन खेळात अंतराळयानं बनवून विकते. तिथे जगभरची माणसं एकाच वेळी खेळतात. कुणी लढतं, कुणी लुटतं, आमची पोरगी कारखाना चालवते. दगड फोडून धातू काढायचा, पत्रे जोडायचे, इंजिन बसवायचं आणि यान बाजारात मांडायचं. गिऱ्हाईक खूश झालं की तारे देतं. तिला आजवर कुणी पाचातला एकही तारा कमी दिला नव्हता. 'चिमणी' हे तिचं सगळ्यात देखणं यान आज 'सरसेनापती' नावाच्या बड्या गिऱ्हाइकाला द्यायचं होतं.

दाजींच्या भांड्यांच्या दुकानामागे तिची खोली आहे. दाजी पुढे पातेल्यात पातेलं, त्यात आणखी एक पातेलं घालत बसले होते. अशा रचण्यामुळेच ते अख्खं दुकान दोन फळ्यांवर मावतं.

"या मेहुणे," दाजी म्हणाले. "काय हरवलंय म्हणे?"

"तुमच्या आवाक्यातलं नाही," असं म्हणून मी आत गेलो.

पडद्यावरच्या गोदीत 'म्हैस' नावाचं एकच अवाढव्य मालवाहू यान उभं होतं. भाचीचा चेहरा पडला होता.

"आज यान दिलं नाही तर सगळ्या बाजारात मी खोटी ठरेन, मामा. इतके दिवस राबून नाव कमावलं रे!"

तिचे डोळे भरून आले. पोरीचं रडणं मला बघवत नाही. त्यामुळे मी टेबलाखाली शिरलो. तिथे बिस्किटाचा चुरा सापडला.

"चोर घाईत होता आणि उपाशी होता!"

"मामा, बिस्किट तुझ्या हातात आहे."

मी तो मुद्दा मागे घेतला. मग चोर सरसेनापतीच असल्याचं मी सिद्ध केलं. त्यानंतर शेजाऱ्यांचं मांजर. त्याचा जबाब घेणार होतो, पण ते भिंतीवरून निघून गेलं, आणि निर्दोष प्राणी असा पळत नाही.

"तू जेवायला गेलीस तेव्हा इथे कोण होतं?"

"बाबा. लक्ष ठेवा म्हटलं होतं."

दाजींना मी तत्काळ वगळलं. ज्या माणसाला फोनचा आवाज कमी करता येत नाही, तो यान काय पळवणार!

भाची तोंड धुवायला गेली तेवढ्यात मी सापळा लावला. म्हैस बाजारात मांडली, तीही फुकटच्या भावात. हावरट चोर झडप घालणार, आणि मी त्याला रंगेहाथ पकडणार. झडप लगेच पडलीसुद्धा.

तेवढ्यात दाजी हात पुसत आत आले. "ते छोटं यान शोधताय का? मोठ्याच्या पोटात बघा की."

"पोटात?" टॉवेल घेऊन आलेली भाची दारातच थांबली.

"सगळी गोदी अडवून ठेवली होती दोन्ही यानांनी. मोठं आतून रिकामं दिसलं, मग छोटं ओढून आत सारलं. दुकानात नाही का ठेवत आपण?"

भाचीनं बापाला मिठी मारली आणि पडद्याकडे धावली. "मामा, म्हैस कुठाय?"

आयुष्यात प्रथमच मला उत्तर ठाऊक होतं आणि सांगावंसं वाटत नव्हतं.

"विकली," मी म्हणालो. "सापळा होता."

ती मटकन खाली बसली. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. इतक्यात कॉम्प्युटर टिंग वाजला. निरोप सरसेनापतीचा होता. वाट बघून कंटाळल्यावर तो बाजारात फिरला होता आणि स्वस्तात दिसली म्हणून म्हैस त्यानंच घेतली होती.

'चिमणी मिळाली! एवढ्या ऐसपैस खोक्यात घालून माल आजवर कुणी दिला नव्हता. पाच तारे.'

भाचीनं निरोप पुन्हा एकदा वाचला.

"गिऱ्हाइकाला पिशवी द्यावीच लागते," दाजी म्हणाले आणि पातेल्यांकडे वळले.

कारखान्याची अब्रू वाचवल्याबद्दल भाचीनं खेळात माझा एक पुतळा उभारला आहे, गोदीच्या अगदी दारात. खाली पाटी आहे: 'मामा. यांना कशालाही हात लावू देऊ नये.'