संडासाला मालकाची सही

ठमाबाईचा गुडघा कामातून गेला आणि संभाजीनं ठरवलं, आता काही झालं तरी घरामागं संडास बांधायचाच. आई काठी टेकत ओढ्याकडं जाते हे त्याला बघवत नव्हतं. शेळगावच्या इकबाल गवंड्याला सांगावा गेला, खड्डा खणून झाला, अन् ग्रामसेवक दारात उभा.

"परवाना कुठाय?"

"माझ्याच घरामागं बांधायला परवाना लागतो व्हय, भाऊसाहेब?"

"घर तुझं कुठाय? दप्तरी बिरदेवच्या नावावर हाय. अर्जावर मालकाची सही आण."

बिरदेव म्हणजे संभाजीचा बाप. बारा वर्षांमागं मेंढरं घेऊन कोकणात उतरला होता. परतताना पावसानं गाठलं, नदीच्या लोंढ्यात वाहून गेला, तो गेलाच. निम्मी मेंढरं घरी आली, बिरदेव आला नाही. देह काही मिळाला नाही, म्हणून ठमाबाईनं कुंकू पुसलं नाही. आणि पुस म्हणायची घरात कुणाची छाती झाली नाही. संभाजी रानात एकटा बसून पोटभर रडला होता, पण बाप गेला हे शब्द त्यानं कधी तोंडातून काढले नव्हते. ते पहिल्यांदा काढावे लागले पंचायतीच्या टेबलापुढं.

"वडील वारले, भाऊसाहेब."

"दाखला?"

"देहच गावला न्हाय, दाखला कुठला आणू?"

"मग वारले कसे? दरसाल त्यांच्या नावानं घरपट्टी जमा हाय. मेलेला माणूस घरपट्टी भरतो का?"

"मी भरतो की."

"पावती त्यांच्या नावाची हाय. आता असं कर, आईला आण. नवरा मयत हाय म्हणून जबाब देऊ दे, अंगठा उठवू दे. मग बघू."

आईला काही न सांगता संभाजीनं तीन महिने पंचायतीत नुसते हेलपाटे घातले. शेवटी एकदा जेवताना धीर करून सुरुवात केली, "आई, पंचायतीत म्हणत्यात, घरपट्टी अजून आबाच्या नावानं भरली जातीया..."

पुढचं बोलायला म्हातारीनं उसंतच दिली नाही.

"बघ. मी काय म्हणत हुते? सरकारी कागूद खोटं बोलंल व्हय?"

दुसऱ्या दिवशी ती स्वतःच काठी टेकत पंचायतीत गेली. संभाजी मागनं.

"आमचं मालक कोकणात गेल्यात," ती ग्रामसेवकाला म्हणाली. "यायला उशीर हाय. तवर संडासाच्या अर्जावर माझा अंगठा चालंल का?"

ग्रामसेवकानं संभाजीकडं पाहिलं, मग तिच्या कपाळाकडं पाहिलं आणि गुमान शाईची डबी पुढं सरकवली. मालक मेला असता तर कागद सतरा लागले असते. परगावी गेलेल्या मालकाच्या बायकोचा अंगठा चालत होता. पाव तासात परवाना हातात पडला. खरं बोलून तीन महिने हेलपाटे घातलेला संभाजी भिंतीला टेकून उभा होता. हसावं की रडावं, त्याला कळेना.

आठ दिवसांत इकबालनं भिंती उचलल्या.

"मावशी, दार पाच फुटाचं बसवतो. तुमास्नी लई झालं."

"सहाचं बसीव," ठमाबाई म्हणाली. "ह्यांचं डोकं आपटंल."

इकबालच्या हातातली थापी थांबली. तो संभाजीकडं बघत राहिला. संभाजीनं तोंड फिरवून डोळे पुसले.

"साडेसहाचं बसीव," तो म्हणाला. "आबा फेटा बांधत्यात."